म्हसोबापुढचा नारळ

१

दसऱ्याच्या सकाळी साडेदहाला दारात पोलीस शिपाई दिसला, तेव्हा त्र्यंबकरावांना वाटलं, हा इतक्या लवकर सोनं द्यायला आला की काय! हसत हसत पुढे झाले, हातसुद्धा पुढे केला. पण शिपायाच्या हातात आपट्याची पानं नव्हती.

"डॉक्टरसाहेबांची मोटार खंडाळ्याच्या उतारावरून खाली गेली," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "डॉक्टरसाहेब गेले."

डॉक्टरसाहेब म्हणजे दिगंबर, त्र्यंबकरावांचा पुतण्या. थोरला भाऊ आणि वहिनी प्लेगात एकाच आठवड्यात गेले आणि हे चार महिन्यांचं पोर त्र्यंबकरावांच्या पदरात पडलं. त्यांनी लग्नच केलं नाही. पोराला वाढवला, डॉक्टर केला, चंद्रिकेसारखी गुणी मुलगी बघून त्याचं लग्न लावलं. आता तळेगावच्या त्या घरात सासरे आणि सून अशी दोनच माणसं उरली होती, आणि दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होती.

आता दैवाची थट्टा बघा. या त्र्यंबकरावांनी तीस वर्षं रेल्वेत कसली नोकरी केली? अपघातांच्या चौकशीची. घाटात डबा घसरला, गाडीखाली माणूस सापडला, की वही घेऊन हे हजर. शेवटच्या रकान्यात 'दोषी कोण' ते लिहायचं आणि सही ठोकायची. किती सांधेवाल्यांच्या आणि गार्डांच्या नोकऱ्या त्या रकान्याने खाल्ल्या, त्याची मोजदाद त्यांनीही कधी केली नव्हती.

मोटार वर ओढून लोणावळ्याच्या चौकीमागे आणून टाकली होती. तिसऱ्या दिवशी त्र्यंबकराव ती बघायला गेले. पुढची बाजू चेपलेली. खाली वाकून पाहिलं, तर ब्रेकचा लोखंडी दांडा सांध्यापासून निसटून लोंबत होता. हातब्रेक पार शेवटच्या दातापर्यंत ओढलेला. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी सगळं पाहिलं. फक्त चालकाच्या जागेत डोकं घातलं नाही. तिथल्या चामड्यावर डाग होते. माणूस झाला तरी किती दगड होईल?

"नथू मिस्त्रीने आदल्याच दिवशी ब्रेक आवळले होते," फौजदार म्हणाले. "नट नीट बसवला नाही, झालं. त्याला आत घातलाय. सोमवारी वडगावच्या कोर्टात उभा करतो. तुम्ही जाणकार, त्र्यंबकराव. तुमचा जबाब झाला की वर्षा-दोन वर्षांची निश्चिती."

चौकीच्या पायरीवर नथूची बायको मुक्ताबाई बसली होती. त्र्यंबकराव बाहेर येताच तिने त्यांचे पायच धरले.

"आबा, माज्या मालकानं बिरेक आवळला, आन् डॉक्टरांनी सवता उतारावर नेऊन बगितला. लय ग्वाड झाला म्हनले. दुसऱ्या दिशी तळेगावास्नं हितवर गाडी आली, तवा चालला न्हवं बिरेक? मंग म्होरल्या दोन मैलात त्याला काय झालं? कुनी काय केलं?"

त्र्यंबकरावांनी पाय सोडवून घेतले, पण प्रश्न काही सुटेना. बाई रास्त बोलत होती.

२

खरं सांगायचं तर त्यांना नथू दोषी निघायला हवा होता. कारण नथू नाही तर मोटार दोषी, आणि मोटार कोणी पसंत केली होती? त्यांनीच.

खंडाळ्याच्या क्षयाच्या दवाखान्यात दिगंबरला नोकरी लागली आणि जाण्यायेण्याची अडचण सुरू झाली. सकाळी आठच्या ठोक्याला हजर राहायचं. तळेगावाहून आगगाडी एक तर पहाटेची, नाही तर नऊ वाजवणारी. चंद्रिकेला तळेगाव सोडवेना, कारण काका एकटे पडतात. मग वीस मैल जायला आणि वीस मैल यायला मोटारच हवी. तीही जुनी, तरुण डॉक्टरच्या पगारात बसेल अशी.

पावसाळाभर दोघांनी मोटारी पाहिल्या. लोणावळा स्टेशनवर भाड्याची मोटार चालवणारा महिपती आपली जुनी सहा माणसांची धूड गाडी विकायला बसला होता. मजबूत, उंच, म्हशीसारखी निवांत. त्र्यंबकरावांनी हिशेबी डोक्याने तीच ठरवली होती. मग खंडाळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर ती हिरवी मोटार पाहिली. साहेब विलायतेला परत चालला होता. दोनच माणसांची, ठेंगणी, बसलं की रस्ता हाताला लागेल इतकी. साहेबाचा ड्रायव्हर कोंडाजी आठ वर्षं तिला पोटच्या लेकीसारखी जपत आलेला.

दिगंबरने ती राजमाचीच्या फाट्यापर्यंत नेऊन आणली. परत आला तो केस विस्कटलेले, डोळे लकाकलेले. "काका, ही चालत नाही हो, खेळते! वळणावर नुसता हात टेकवा, ही आपली निघाली! दिवसभर खोकणारी माणसं बघायची आणि संध्याकाळी हिच्यातून घरी यायचं. सगळा शीण उतरेल."

पोर लहानपणी कधी असं हसलं नव्हतं. अनाथ पोरं जपूनच हसतात. त्र्यंबकरावांनी तीस वर्षांत पहिल्यांदा डोक्याचं न ऐकता मनाचं ऐकलं. म्हणाले, "घे."

त्यावर महिपती भर स्टेशनात ओरडला होता, "आठ दिसांत दरीत जाईल ती डबी!"

आणि दसरा. मोटारीचा पहिला दसरा! सकाळी त्र्यंबकरावांनी स्वतः पूजा मांडली. झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळाच्या शेंडीला लाल दोरा बांधला. चंद्रिका म्हणाली, "इथेच फोडायचा ना, मामंजी?"

"छट्! गाडी घाटात चालणार, तर मान घाटातल्या देवाचा. उतारावर म्हसोबा आहे, इंजिनवालेसुद्धा त्याला हात जोडतात. दिगू, तिथे थांबायचं. नारळ फोडल्याशिवाय घरी येऊ नकोस."

दिगंबर घाईत होता. "मागच्या खणात टाकतो, काका."

"मागे टाकशील आणि विसरशील. मला माहीत नाहीस का तू?" असं म्हणून त्यांनी नारळ घेतला आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. डोळ्यांसमोर राहावा म्हणून. पोर हसत हसत निघून गेलं.

आणि नारळ त्याने फोडलाही होता. फौजदारांच्या पंचनाम्यात तसं होतं. वळणाच्या वरच्या अंगाला म्हसोबापुढे ताजी नारळाची वाटी मिळाली होती, कुंकू लावलेली. चंद्रिकेने ते ऐकलं तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून शब्द फुटला. "देवाचं करून गेले. एवढं तरी झालं."

त्या वाक्यावर ती बिचारी तग धरून होती.

३

जेवणं कसली आणि झोप कसली! पण डोकं मेलं थांबत नव्हतं. तीस वर्षांची खोड. मुक्ताबाईचा प्रश्न त्यात घोळत राहिला आणि चौथ्या दिवशी सकाळी अंघोळ करताना त्र्यंबकरावांच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

नारळ म्हसोबापुढे फोडला. म्हणजे दिगंबर तिथे थांबला. उतारावरच थांबला. थांबला म्हणजे ब्रेक लागला! आणि तिथून जेमतेम दोनशे पावलांवर वळण, तिथे ब्रेक लागला नाही. मग नथूचा काय दोष? जे झालं ते म्हसोबापाशी. दिगंबर डोळे मिटून हात जोडून उभा असताना मोटारीखाली कोणीतरी हात घातला होता.

कोणाचा?

पहिली गाडी पकडून ते लोणावळ्याला उतरले. महिपती स्टेशनबाहेर आपल्या धुडाच्या पायरीवर बिडी ओढत बसला होता. त्र्यंबकरावांना बघून त्याने बिडी टाकली.

"तुम्ही काय इचारायला आला ते ठावं हाय मला. जीभ झडावी माजी! रागाच्या भरात बोललो. त्या दिशी म्या सकाळपासनं कारल्याला व्हतो, मुंबईचं बिऱ्हाड घिऊन. चाराला माघारी आलो. इचारा स्टेशनात कुनालाबी."

विचारलं. खरं होतं.

"पन एक सांगू, आबा?" महिपती मागून आला. "माज्या गाडीत डायवरच्या पायाशी आख्खं बकरं बसतंय. तुमच्या त्या डबीत मानसाचं पाय मावायची मारामार. लहान गाडी ती लहानच. माजं ऐकाया पायजे व्हतं."

त्र्यंबकरावांना तो घाव नको त्या जागी लागला. ते चालू लागले. महिपती नाही, तर राहिला एकच.

४

कोंडाजी साहेबाच्या रिकाम्या बंगल्यावर राखणदार म्हणून उरला होता. गॅरेजची दारं सताड उघडी, आत काही नाही, आणि हा म्हातारा रिकाम्या जमिनीवरचे तेलाचे डाग फडक्याने पुसत बसलेला.

"दसऱ्याला सकाळी कुठे होतास?"

"म्हसोबापशी." त्याने लपवलंही नाही. "रोजच जातो. आठला पाच कमी असत्यात तवा गाडी उतरती. तिला बगाया बसतो. हार घातलेली लय झ्याक दिसत व्हती."

"ती तुला विकत घ्यायची होती?"

"माजी कुटं येवडी ऐपत! पन जीव व्हता. साहेबानं इकली तवा दोन दिस भाकर खाल्ली न्हाई. खोटं कशाला बोलू?"

"आणि दिगंबर नारळ फोडायला उतरला तेव्हा तू गाडीपाशी गेलास."

"कोन उतरला?" कोंडाजीने फडकं खाली ठेवलं. "गाडी थांबलीच न्हाई, आबा."

"खोटं! नारळ तिथे सापडलाय! माझ्या हातचं कुंकू आहे त्याला!"

"सापडला आसंल. पन गाडी थांबली न्हाई. म्या तितं बसल्यालो आन् ती म्होरनं सुसाट गेली. भोंगा सारखा वाजत व्हता. आन् डॉक्टर..." म्हाताऱ्याने फडकं पुन्हा उचललं. "डॉक्टर रस्त्याकडं बगतच न्हवतं. येका हातानं चाक धरल्यालं, आन् मान खाली, पार खाली. पायाशी कायतरी धुंडत व्हतं. फौजदाराला सांगितलं, तर म्हनला, तुला म्हाताऱ्याला काय दिसतंय!"

त्र्यंबकराव तरातरा बाहेर पडले. हा साफ खोटं बोलतोय. थेट फौजदाराकडे जायचं, नथूला सोडवायचं आणि याला आत घालायचं. फाटकापर्यंत गेले आणि पाय अडखळले.

खोटं बोलणारा माणूस 'मी तिथे नव्हतो' म्हणतो. हा तर म्हणतोय, मी तिथेच होतो. मग कोंडाजी खोटा नसेल तर? मग खोटा नारळ.

५

म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला एक धोंडा. पंचनामा झाल्यावर फौजदारांनी वाटी तिथेच ठेवली होती, देवाचं कशाला न्यायचं म्हणून. ती अजून होती. खोबरं काळं पडलेलं, मुंग्या लागलेल्या. त्र्यंबकराव रस्त्यावरच बसले आणि त्यांनी ती हातात घेतली.

शेंडी तशीच होती. शेंडीला लाल दोराही तसाच.

लहानपणी दिगंबरला नारळ फोडायला त्यांनीच शिकवलं होतं. आधी दोरा सोडायचा, मग शेंडी उपटायची, मग एका घावात दोन सारख्या वाट्या. आणि ही वाटी? कडेला वेडीवाकडी, चिरडलेली. देवापुढे फोडलेला नारळ असा असतो होय?

समोरच्या चढावर गेणू नावाचा गुराखी गुरं वळत होता. त्र्यंबकरावांनी त्याला हाक मारली. पन्नाशीचा, गरीब गाईसारखा माणूस.

"हा नारळ कोणी ठेवला रे?"

"म्या ठिवला." गेणूने चटकन हात जोडले. "काय चुकलं का, आबा?"

"तुला कुठे मिळाला?"

"खाली. वगळीत, गाडीपशी. आमी डॉक्टरांना भाईर काडलं, तवा पाय लागला. बगतो तर हळदकुकू! पूजंचा नारळ आसा पायदळी कसा ऱ्हाऊ द्यायचा? पाप लागंल. म्हनून आनून देवाम्होरं ठिवला."

"मग फौजदारांना का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. त्यांनी इचारलं, नारळ कसला? म्या म्हनलं, फुटल्याला हाय. त्यांनी लिवून घेतलं."

फुटलेला! फौजदारांनी लिहिलं, फोडलेला. एका शब्दाची चूक. दसऱ्याच्या दिवशी, पहिल्या पूजेची मोटार, देवापुढे नारळ. त्यात दुसरं काय लिहिणार कोणी? त्र्यंबकरावांनी लिहिलं असतं तर त्यांनीही तेच लिहिलं असतं.

गेणूने त्यांना हाताला धरून उठवलं. "आबा, बरं न्हाई का वाटत? तोंड पांडरंफटक झालंया."

आता एकच जागा बघायची राहिली होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती.

६

चौकीमागे ऊन उतरणीला लागलं होतं. त्र्यंबकराव चेपलेल्या दारातून आडवे होऊन आत शिरले. चामड्यावरच्या डागांवर त्यांचा गाल टेकला. अंधाऱ्या पोकळीत त्यांनी हात घातला आणि ब्रेकचं पेडल चाचपलं. मग फौजदारांना हाक मारून कंदील मागितला.

पेडलच्या मागच्या अंगाला, जिथे माणसाचा पाय कधी पोचत नाही, तिथे कुंकू होतं. सांध्याच्या फटीत नारळाच्या शेंडीचे चार धागे अडकले होते. खालच्या पत्र्यावर करवंटीची एक कपची रुतून बसली होती.

"शेजारच्या जागेवर नारळ होता," ते बाहेर येऊन म्हणाले. आवाज एकदम कोरडा, साक्ष द्यायच्या वेळचा. "उताराला लागताना त्याने ब्रेक दाबला. नारळ पुढे घरंगळला आणि पेडलखाली गेला. ब्रेक सोडला आणि पुन्हा दाबायला गेला, तर पेडल खाली जाईना. हातब्रेक ओढला, वेगात त्याचा काय उपयोग! भोंगा दाबून धरला. मग वाकून नारळ काढायला गेला. कोंडाजीने बघितलं ते हेच. दांडा नंतर निसटला, आपटल्यावर. नथूने काम चोख केलं होतं. त्याला सोडा."

फौजदार म्हणाले, "सोडतो. पण कागदावर काय लिहू? अपघात म्हणून टाकू. कोणाचा दोष नाही. तसं बघितलं तर देवाचाच नारळ."

"द्या इकडे."

त्र्यंबकरावांनी टाक घेतला. तीस वर्षं लिहिलं तसंच लिहिलं, वळणदार अक्षरात. मोटार निर्दोष. मिस्त्री निर्दोष. शेवटच्या रकान्याशी आल्यावर त्यांना तो मागचा खण आठवला. पोर म्हणालं होतं, मागे टाकतो, काका. शहाणं पोर ते. तीस वर्षं मोकळ्या वस्तूंनी झालेले अपघात यांनी तपासले, इंजिनात सुटा कोळसा पडला तरी फायरमनला दंड केला, आणि स्वतःच्या हाताने... त्यांनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सही केली.

नथू बाहेर आला. मुक्ताबाईने त्याला बघून पदर तोंडात कोंबला. दोघांनी येऊन त्र्यंबकरावांना वाकून नमस्कार केला, आणि तो नमस्कार त्यांना सोसवेना. चौकीच्या दाराशी कोंडाजी येऊन उभा होता. त्याने फक्त एवढंच विचारलं, "म्हंजे तिचा काय दोष न्हवता?"

"नाही. तिचा नव्हता."

म्हातारा गेला आणि त्या चेपलेल्या पत्र्यावरून हळूच हात फिरवू लागला. त्याला निदान तेवढं मिळालं. त्र्यंबकरावांना तेही नाही. चार दिवस ते देवाला विनवत होते की मोटार निवडण्यात माझी चूक नसू दे. देवाने ऐकलं!

७

तळेगावला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. चंद्रिका ओटीवर बसली होती. पावलांची चाहूल लागताच उठली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. रोजचं सगळं सवयीने करत होती बिचारी.

"नथू सुटला, असं कस्तुराबाई सांगत आली मघाशी," ती म्हणाली. कस्तुराबाई शेजारची. बातम्या तिच्याकडे आगगाडीच्या आधी पोचत. "मग दोष कोणाचा होता, मामंजी?"

त्र्यंबकरावांनी वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. ते ओटीच्या कडेला बसले.

"जाऊ दे," तीच म्हणाली. "कोणाचा का असेना. माणूस काही परत येत नाही." मग भिंतीला टेकून, थकलेल्या आवाजात म्हणाली, "मी आपली एवढंच धरून बसलेय. शेवटी देवापुढे उभे राहिले, नारळ फोडला. तुमचा शब्द पाळला त्यांनी. तुम्हाला वाटतं का हो, तेवढं तरी त्यांच्या कामी आलं असेल?"

गप्प बसता आलं असतं. निदान सोमवारपर्यंत तरी या पोरीजवळ धरायला एक वाक्य राहिलं असतं. पण कागद सोमवारी वडगावला जाणार, तिथून कस्तुराबाईकडे यायला कितीसा वेळ! आणि तो रकाना त्यांनी कधी कोणासाठी कोरा सोडला नव्हता.

"पोरी, तो नारळ त्याने फोडला नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

चंद्रिकेने भिंतीचा टेकू सोडला.

"फुटला. त्याच्या पायाखाली. मी ठेवला होता ना शेजारी, तोच."

त्यांच्यापुढे ठेवलेला पाण्याचा तांब्या तिने हळूच उचलला आणि आत घेऊन गेली.